आधी बल्ब, मग खटका

आता वायरमन खो-खो हसत कबूल करतो, पण सुरुवातीला त्याला वाटलं होतं की शिवणकाकू घरातले दिवे मुद्दाम घालवतात. त्याचंही बरोबरच म्हणा! महिन्यातून दोनदा फोन: "अरे, सगळा अंधार झालाय. ये." हा जाणार, स्टुलावर चढून दारावरचा, फक्त दिव्यांचा, पडलेला खटका वर करणार, घर लख्ख. आणि काकू लगेच तीस वर्षांपूर्वी कुणाची बाही आखूड झाली त्याची गोष्ट काढणार. एकटी बाई, बोलायला भिंती, आणि भिंतींनाही आता सगळं पाठ. झाडूच्या दांड्याने ह्याच खटका पाडतात, अशी त्याची खात्री!

काकूंचे गुडघे स्टुलावर चढू देत नव्हते, एवढंच. उलट गेल्या खेपेला, सारखं त्याला काय छळायचं म्हणून, तीन दिवस त्यांनी फोनच केला नाही. मशीन खिडकीशी ओढलं, उजेड होता तोवर शिवलं, मग चाचपडत जेवल्या. मुलाचा फोन आला तर म्हणाल्या, "मजेत आहे."

मुलाला शेजारणीकडून कळलंच. त्याने वायरमनला गाठलं. "वायरिंग तपासा. खराब असेल तर घर विकतो, आईला इकडे आणतो." त्याच्याकडे आईसाठी पलंग होता, कपाट होतं. मशीनला जागा नव्हती.

वायरमनने संध्याकाळी येऊन घरभर मीटर लावला. कुठे काही सापडेना.

"अरे बाबा, बल्ब जातो म्हणून खटका पडतो," काकू म्हणाल्या.

"उलटं, काकू. खटका पडतो, त्या झटक्याने बल्ब जातो."

"आधी शिवण उसवते की आधी विजार घसरते, हे तू मला शिकवणार? बस इथे."

मशीनवरचा पिवळा बल्ब सकाळपासून लुकलुकत होता. दोघं त्याच्याकडे बघत बसली. काकू गप्प. मुलगा काय ठरवेल याची धास्ती असणार. पंखा तेवढा कुरकुरत होता. ह्या खोलीत एवढी शांतता असते, हे वायरमनला आजवर कळलंच नव्हतं. तो आला की काकू बोलतच असायच्या.

टिंग! बल्बमध्ये निळा लखलखाट झाला आणि पाठोपाठ दारावर खट्ट. सगळे दिवे गेले. पंखा फिरतच होता.

"आधी काय झालं?" अंधारातून प्रश्न.

वायरमनने डोकं खाजवलं. "आतली तार तुटताना ठिणगी पडते, करंट एकदम वाढतो... होतं असं."

"आधी काय झालं, ते विचारलं मी."

"बल्ब, काकू. आधी बल्ब. वायरिंग ठणठणीत आहे."

काकूंनी मुलाला फोन लावून वायरमनच्या कानाशी धरला. "आता त्याला सांग. आणि जरा मोठ्याने, त्याला आईचं सोडून सगळ्यांचं ऐकू येतं."