राऊतसरांची माशी

राऊतसरांचे मला प्रथम दर्शन झाले ते तळव्यांचे. झरीजवळच्या शाळेत मी रुजू झाले त्या सकाळी मैदानात प्रार्थना चालू होती आणि विज्ञानाचे हे शिक्षक कॅमेरा घेऊन कुंपणाखाली पालथे पडले होते. चक्कर आली असेल म्हणून मी धावले. खालून आवाज आला, "बाई, सावली पाडू नका. ती तोंड धुतेय." ती म्हणजे गांधीलमाशी. शाळेत वेळेवर तोंड धुऊन हजर असलेली तेवढीच.

हजेरी आणि वेळापत्रक माझ्याकडे आले. कोण किती वाजता आले, याची यादी मी निळ्या शाईने रोज लिहीत असे. सरांच्या नावापुढचा शेरा सहसा बदलावा लागत नसे.

इतरांनी कॅमेऱ्यातले कॅमेऱ्यात ठेवले असते. सर ते दोन फूट बाय दीड फूट मोठे करून काचेत बसवत आणि वास्तुशांतीला भेट देत. डहाणू रोडचा फ्रेमवाला हात जोडून म्हणे, "मास्तर, कोई भगवाननो फोटो लावो ने!" सरांचे उत्तर ठरलेले, "देवाला सगळे बघतात हो. याला कोण बघतं?"

शाळेतले आम्ही पाच जण डहाणू रोडला एकाच इमारतीत राहत होतो, म्हणजे पाचही घरांचे कल्याण झाले. कुलकर्णीबाईंना गांधीलमाशी, नव्या जोडप्याला शेणकिडा. मला माशी. साधी, घरातली माशी, ताटाएवढी. सर म्हणाले, "बाई, ही खास तुमच्यासाठी. जरा जवळून बघा." मी लांबूनच आभार मानले. माझ्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावरून तिच्याकडे एकदा पाहिले. "हिच्यासमोर मी वरणभात खाऊ?"

सरांचे मन मोडायचे नाही आणि जेवणही सोडायचे नाही, म्हणून मी व्यवस्था लावली. पाचही चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून, नंबर घालून माझ्या माळ्यावर. सर आमच्या इमारतीत येण्याआधी तासभर मला फोन करत, "बाई, निघालोय. साखर कमी." लगेच मी यादी बघून ज्याचा किडा त्याच्या घरी पोचवत असे. बारा वर्षांत एकही चूक नाही. चित्राकडे न बघता ते टांगण्यात माझा हात धरणारे कोणी नव्हते.

निवृत्तीनंतर सर मुलीकडे नाशिकला कायमचे जायला निघाले. निरोपाला माझ्याकडे येतो, असा फोन आला. दिवाळीच्या सफाईत नवऱ्याने वर्तमानपत्रे बदलली होती आणि नंबर स्वतःच्या बुद्धीने घातले होते. मी माझा नंबर काढला, टांगला, चहा ठेवला.

सरांनी भिंतीकडे पाहिले. कप खाली ठेवला.

"ही तर कुलकर्णीबाईंची गांधीलमाशी."

बारा वर्षे सांभाळलेले त्यांचे मन मी निरोपाच्या दिवशीच मोडले होते.

सर मात्र हसले. "मी तासभर आधी फोन का करायचो, वाटलं तुम्हाला? खिळा सापडायला वेळ लागतो माणसाला. आणा बाकीची. गाडीत जागा आहे."

"सर, तसं नाही..."

"तसंच आहे. आणा."

मी आत गेले. माळ्यावरून चारही काढली. माझी कुठली ते ओळखण्यासाठी कागद फाडावे लागले, आणि माशी प्रथमच हातभर अंतरावर आली. पाठीवर सोनेरी केस, डोळे तांबूस, जाळीदार. पायांखाली निळी नक्षी आहे, असे मी समजत होते. ती अक्षरे होती. माझी. "राऊतसर, उशिरा."

माझ्या यादीवर बसलेली माशी. मी त्यांच्या नावावर मारलेला शेरा त्यांनी काचेत बसवून मला भेट दिला होता आणि मी तो बारा वर्षे माळ्यावर ठेवला होता.

तीन चित्रे बाहेर नेली, भिंतीवरचे चौथे उतरवले.

"माशी?" सरांनी विचारले.

"सापडत नाही."

"तुमच्या घरात वस्तू सापडत नाही?"

"नाही सापडत."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, कुंपणाखाली बघायचे तसे. मग चित्रे काखेत मारून जिना उतरले.

माशी आता जेवणाच्या टेबलासमोर असते. नवऱ्याने खुर्ची बदलली आहे.