तेरड्याचं बी

नंदुरबारहून नवापूरला जाताना एक टेकडी लागायची, पावसाळ्यात गुलाबी तेरड्यानं भरलेली. तिथं शेळ्या चारणारा एक म्हातारा मला भेटला. तो शेळ्यांच्या पुढं चाले आणि पिकलेल्या शेंगांना काठीच्या टोकानं हळूच शिवे. शिवताच शेंग फुटून बी चार हात लांब उडे. शेळीच्या तोंडी जाण्याआधी ते मातीत पडावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

त्यानं दोन शेंगा माझ्या मुठीत फोडल्या आणि बजावलं, “हाई बी एकच सालनं शे, सर. पुढला पानीले पेरी टाका, नई तं मरी जाई.”

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तेरड्याचं बी फार काळ जगत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी ते पाकिटात घातलं, वर नाव-गाव लिहिलं आणि नमुना म्हणून कपाटात ठेवलं.

तीन वर्षांनी गेलो, तर मुरुमासाठी टेकडी पोखरलेली. तेरड्याचं एक रोप नव्हतं. म्हातारा खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं मला लगेच ओळखलं.

“तुम्हनाकडे ते बी शे ना, सर? उगनं का?”

“उगवलं,” मी म्हणालो.

त्यानं काठी काखेत धरून ओंजळ पुढं केली. “मंग माले मूठभर दी द्या. आठेच टाकसू,” पायाखालच्या मातीकडं बघत तो म्हणाला.

घरी येऊन पाकीट कुंडीत रिकामं केलं. पावसाळा सरला, एकही बी उगवलं नाही.

आता नवापूरला मी रेल्वेनं जातो. रेल्वेतून ती टेकडी दिसत नाही.