खुर्चीवाल्यांनी दाखवलेली खिडकी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक रिकामी खोली आहे. भिंतीवर उतरवलेल्या फोटोंचे फिकट चौकोन, छताला लोंबणारा एक दिवा, कोपऱ्यात कुणीतरी विसरून गेलेला झाडू. दार करकरतं. आत येतो एक ठेंगणा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. एका हातात चाव्यांचा जुडगा, दुसऱ्या काखेत घडीची लोखंडी खुर्ची. खोलीच्या मधोमध तो ती खटकन उघडतो आणि मला म्हणतो, "बसा."

उभं आयुष्य मी नाटकात घालवलं, पण अशी झोकदार एन्ट्री फार थोड्यांची पाहिली.

"अहो, मी जागा बघायला आलोय," मी म्हणालो.

"मग उभ्या उभ्या काय कळणार? राहायला आल्यावर दिवसभर उभेच राहणार आहात का?"

ते जागांचे एजंट होते आणि सगळे त्यांना खुर्चीवाले म्हणत. बाकीचे एजंट जागा दाखवताना तोंडाला खीळ घालत नाहीत. हे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे आणि स्वतः दाराशी गप्प उभे राहायचे. बसलेल्या माणसाला मग शेजारचा पंप ऐकू यायचा, गटाराचा वास यायचा, नाहीतर दुपारचं ऊन आवडून जायचं. घरमालक वैतागायचे. एकदा एक जण माझ्यादेखतच त्यांच्यावर ओरडला, "तुमच्या खुर्चीनं माझी पार्टी पळवली!"

"आज गुपचूप पळाली ते बरं," खुर्चीवाले म्हणाले. "राहायला येऊन पळाली असती, तर तुमच्या नावानं बोंब मारत पळाली असती."

आमची अडचण साधी होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नव्हती, आणि बायकोच्या गुडघ्यांनी असा संप पुकारला होता की वर्ष उलटून गेलं तरी ती खाली उतरली नव्हती. तळमजल्याची जागा हवी होती. त्या रिकाम्या खोलीत, त्या लोखंडी खुर्चीत बसून मला मागची बाग दिसली. इतकी शांतता होती की पान पडलेलं ऐकू यावं. मी खुशीत इसार द्यायला निघालो.

"वहिनींना विचारलंत?" खुर्चीवाले म्हणाले.

"तिला काय विचारायचं? तिला पायऱ्या नकोत, एवढंच."

"दिवसभर घरात कोण बसणार? तुम्ही की त्या?"

दुसऱ्या दिवशी ते खुर्ची घेऊन आमचे तिन्ही मजले धापा टाकत चढले. बायको खिडकीशी बसली होती. तिच्या शेजारी त्यांनी खुर्ची मांडली आणि ती बघत होती तिकडे बघायला लागले.

"अहो," बायको मला म्हणाली, "हे जागा दाखवायला आलेत की मला बघायला?"

"तुम्हालाच," ते म्हणाले. "इथून काय दिसतं ते बघतोय."

"काय दिसणार? माणसांची डोकी. टकलं वाढलीत, एवढी बातमी कळते."

मग गाडी रुळावर आली. माझी बायको थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायची. आमचं लग्नही त्या खिडकीतूनच जमलं, पण ते नाटक वेगळं. ती सांगत राहिली: त्या लहानशा भोकातून आधी हात दिसायचा, मग तोंड. हातावरून कळायचं, हा कामावरून परस्पर आलाय, हा कुणाला तरी पहिल्यांदाच नाटकाला घेऊन आलाय. खुर्चीवाले ऐकत होते. मी चहा केला, तो गार झाला.

जिना उतरताना ते म्हणाले, "दादा, बागेकडची जागा विसरा."

"का? तुमची दलाली तर मिळेल!"

"मिळेल की. पण तुम्ही तिथे पेपर वाचाल. वहिनींनी काय झाडांना तिकिटं विकायची?"

मला राग आला, आणि तो राग बरोबर घेऊनच मी त्यांनी दाखवलेल्या पुढच्या जागेत गेलो. मालक घड्याळ दुरुस्त करणारे होते. लेकीकडे कायमचं जायचं होतं, पण जागा काही केल्या विकली जात नव्हती. कारण समोरच होतं: बाहेरच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागत होता. खुर्चीवाले आधी स्वतः बसले. मान तिरकी केली. समोरच्या भिंतीला भलंमोठं कपाट होतं.

"घड्याळजी, या कपाटामागे काय आहे?"

"खिडकी," ते ओशाळून म्हणाले. "बाहेर बसस्टॉप आहे. त्या गलक्यात मला घड्याळाची टिकटिक ऐकू यायची नाही. म्हणून लावलं."

"अजून दुरुस्तीची कामं घेता?"

"छे, डोळे कुठे राहिले!"

"मग अजून कपाट कशाला?"

"गिऱ्हाइकाला गलका कळला तर जागा घेईल का?"

"आणि अंधार बघून घेतंय का?"

तिघांनी मिळून कपाट सरकवलं. धूळ इतकी उडाली की आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो. धूळ बसली तेव्हा खोलीत उजेड होता, आणि हाताच्या अंतरावर बसची वाट बघणारी माणसं.

मला तो बाजार वाटला. पण खुर्चीवाले हटून बसले: वहिनींनी बघितल्याशिवाय हो नाही आणि नाहीही नाही. बायकोनं बजावलं, "एकदा उतरेन. नाही आवडलं तर परत वर आले की पुन्हा उतरायचं नाव काढणार नाही. मग इथेच." ती थट्टा करत नव्हती. शेजारच्या दोन तरण्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं. जिन्यात ती ओरडत होती, "हळू रे, मी माणूस आहे, नाटकाचा सेट नाही!"

घड्याळजींच्या खिडकीशी लोखंडी खुर्ची मांडलेली होती. बायको तिच्यात बसली. एवढ्यात बाहेरच्या एका बाईनं आपली जड पिशवी आमच्या खिडकीच्या कठड्यावर टेकवली. आधी हात दिसला, मग तोंड.

"बस गेली का हो?"

"आत्ताच गेली," बायको म्हणाली. "घाम पुसा आधी. पुढची आली की सांगते."

घड्याळजींनी मागून चाचरत विचारलं, "एवढा गलका चालेल तुम्हाला?"

"गलका? अहो, हाऊसफुल आहे!" आणि माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "यांचा इसार देऊन टाका."

त्या खिडकीत ती आजही बसते. बस कधीची, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कोण कुणाशी भांडलं, सगळं तिला ठाऊक असतं. मला आयुष्यात टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण मी बायकोला बागेत नेऊन मुकी करणार होतो, तेव्हा हात धरून थांबवणारा माणूस एकच भेटला, आणि त्यानं दलाली तेवढी नेहमीचीच घेतली.

ती खुर्ची आता आमच्याकडे आहे. धंदा बंद केल्यावर, वारले त्याच्या आदल्या महिन्यात, खुर्चीवाले ती काखेत घेऊन दारात उभे राहिले. बायकोनं विचारलं, "आता कुणाला जागा दाखवताय?" त्यांनी तिच्या खुर्चीला लागून आपली खुर्ची खटकन उघडली.

"आज दाखवायला नाही, बघायला आलोय. वहिनी, जरा सरका."