बाबांचं स्नान

माझ्या बाबांची बायपास झाली आणि काशीत दूधविनायकातल्या आमच्या घरात पहिल्यांदाच सकाळी शांतता पसरली. बाबा वेदपाठी. पहाटे राजा घाटावर स्नान करून आले की असे खणखणीत म्हणायला बसायचे की माझी आयुष्यभराची साखरझोप त्यातच गेली. आईसुद्धा कुरकुरायची. पण ती शांतता आम्हा दोघींना खायला उठली.

कारण सरळ होतं. जखम भरेपर्यंत आंघोळ नाही, अंग ओल्या फडक्याने पुसायचं, असं सर्जननी बजावलं होतं. आणि स्नानाशिवाय वेद तोंडातून काढायचा नाही, हा बाबांचा नेम. झालं! बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवणावरची वासना गेली. फुप्फुसं मोकळी व्हावीत म्हणून हॉस्पिटलने प्लास्टिकचं एक यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की त्यातल्या गोळ्या वर जातात. बाबा एकदा नळी तोंडाला लावायचे, मग उष्टं झालं म्हणून चूळ भरायला उठायचे आणि परत येईस्तोवर दमून आडवे. मी चिडायचे, ते ऐकायचे नाहीत. छातीत कफ साठत चालला.

तपासणीच्या दिवशी सर्जननी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फेफड़ा खुल नहीं रहा। ऐसे तो फिर भर्ती करना पड़ेगा।" फुप्फुस उघडत नाही म्हटल्यावर मला रडूच फुटलं. त्यांनी फोन करून समोरच्या इमारतीतल्या वैद्यबाईंना बोलावून घेतलं. असे पेशंट ते दोघं मिळून बघतात, हे मला तेव्हा कळलं.

आईने लगेच पिशवीतून घरच्या काढ्याची बाटली काढली. वैद्यबाई खूश होणार याची तिला खात्री! त्यांनी आधी सर्जनची चिठ्ठी वाचली, रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माताजी, इसके साथ ये बिल्कुल नहीं।" बाटली गुपचूप पिशवीत गेली. मग त्या बाबांच्या शेजारी बसल्या आणि दिवसभर काय करता, काय सुटलं, असं विचारत राहिल्या. बोलता बोलता स्नानाची आणि उष्ट्या नळीची गोष्ट निघाली.

"पंडितजी, आपका कोई यजमान ऐसा बीमार पड़ता, नहा न पाता, तो आप क्या कहते?"

"कहते, मंत्रस्नान कर लो। मंत्र पढ़ के चार बूँद जल सिर पर छिड़क लो, हो गए शुद्ध।" एवढं बोलून बाबा एकदम थांबले.

"और जूठा?"

"रोगी को दोष नहीं लगता," बाबा पुटपुटले.

सगळ्या गल्लीला सूट वाटणारा माणूस स्वतःला द्यायची तेवढी विसरला होता! आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. सर्जन हसले. मग टाक्यांना हिसका बसू नये म्हणून छातीवर उशी दाबून बाबाही हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मी वैद्यबाईंचा हातच धरला.

सर्जननी अट घातली: आधी यंत्र, मग पाठ, तोही हळू आवाजात, दम लागला की थांबायचं. वैद्यबाईंनी त्यात मुगाचं कढण आणि झोपताना तळपायाला तेल एवढंच जोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोक्यावर पाणी शिंपडलं, चूळ न भरता यंत्र ओढलं आणि उशी छातीशी धरून म्हणायला सुरुवात केली. आवाज फाटका होता. ओळीच्या मध्येच खोकला आला आणि थांबेना. मी घाबरून उठले. पण इतके दिवस अडून बसलेला कफ सुटला होता. बाबांनी तोंड पुसलं, खोल श्वास घेतला.

शिष्याचा श्वास मध्येच तुटला तर बाबा त्याला कधी पुढे जाऊ देत नाहीत. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तुटलं हो. पहिल्यापासून म्हणा."

बाबांनी निमूटपणे पहिल्यापासून सुरुवात केली.