आप्पांनी सांगितलेला आकडा

गेल्या सोमवारी बेळगावच्या आमच्या हेड ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आणि मला कधी एकदा तिथून उठून बाहेर जातोय असं झालं होतं...

आमची कंपनी तंबाखूच्या व्यापारातली. बेळगाव, चिकोडी आणि निपाणी अशी तीन ऑफिसं आणि तिन्हीकडे वेगवेगळा मेल सर्व्हर. मालकांचा क्लाऊडवर विश्वास नाही, आपला डेटा आपल्याच कुलपात हवा. म्हणून गेल्या वर्षी ठरलं की तिन्ही बंद करून बेळगावात एकच मोठं मशीन बसवायचं. ते केवढं घ्यायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं.

निपाणीचा सर्व्हर आप्पा सांभाळायचे. टायपिस्ट म्हणून लागलेला माणूस, कॉम्प्युटर आले तसं एकेक शिकत गेला. मी येळ्ळूरहून ट्रेनी म्हणून निपाणीला गेलो, तेव्हा बॅकअप कसा घ्यायचा, मेल अडकलं तर कुठे बघायचं, सगळं त्यांनीच दाखवलं. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असायची.

मालकांनी सरळ सांगितलं होतं. दिवाळीत सगळं मेल नव्या मशीनवर आणा. तंबाखूच्या सीझनमध्ये ते कमी पडलं तर निपाणीचा सर्व्हर पुन्हा चालू करू आणि आप्पा तिथेच राहतील. निभावलं तर सर्व्हर बंद आणि आप्पांची पोस्टही बंद... रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं बाकी होती. हे सगळं त्यांनाही माहीत होतं.

मी ऑगस्टमध्ये मोजमाप केलं. तीन आठवड्यांचे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी घेतल्या, मेलबॉक्स मोजले, एका तासात जास्तीत जास्त किती मेल येतात ते काढलं, वर थोडी वाढ धरली. शीट इतकी देखणी झाली की मीच ती दोनदा उघडून बघितली. मग ती घेऊन निपाणीला गेलो, आप्पांना दाखवायला. खरं सांगायचं तर मिरवायला.

आप्पांनी चष्मा पुसून शीट वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाले, "आकडा बरोबर हाय रं. म्हैना चुकलाय."

त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. रोज घरी जाण्याआधी ते त्यात लिहायचे, आज किती मेल आले, डिस्क किती उरली. त्यांनी फेब्रुवारी-मार्चची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. सीझनमध्ये आमचे खरेदीदार तंबाखूच्या पानांचे फोटो, वजनाच्या चिठ्ठ्या, सगळं मेलनेच पाठवतात आणि दर विचारतात. शेतकरी दारात माल घेऊन उभा असतो. त्यात आमच्याकडे सीसीमध्ये नाव राहिलं की माणूस रुसतो, लग्नपत्रिकेत नाव राहिल्यासारखा. त्यामुळे एक फोटो चाळीस जणांना जातो. ऑगस्टच्या सहापट लोड होता. माझं मशीन सीझनच्या पहिल्याच आठवड्यात बंद पडलं असतं...

मी सगळी शीट नव्याने केली. रॅम वाढवली, डिस्क वाढवल्या, मालकांना रिपोर्ट पाठवला. त्यात लिहिलं, 'सीझनच्या लोडचा अभ्यास करून'. अभ्यास कुणाचा, ते लिहिलं नाही. मुद्दाम नाही केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

वही बघितली त्या दिवशी निपाणीहून परत येताना बस संकेश्वरच्या पुढे आली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यांची नोकरी वाचली असती आणि त्यांच्याकडे कुणी बोटही दाखवू शकलं नसतं.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मशीन एकदाही अडखळलं नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकांनी माझ्या प्लॅनिंगचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. पुढचा विषय होता निपाणीची पोस्ट महिनाअखेर बंद करण्याचा. तेव्हा मी बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही...

गुरुवारी जुना सर्व्हर आणायला निपाणीला गेलो. आप्पांनी तो पुसून ठेवला होता आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी लावली होती. चहा पिता पिता त्यांनी अगदी सहज विचारलं, "वहीचं सांगितल्यावर मालक काय म्हटले रं?"

मी सांगितलं असेल, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्यांच्याकडे बघून खरं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "लई खूश झाले, आप्पा."

"बास," ते म्हणाले. "तेवढं त्यास्नी कळलं न्हवं, झालं मग." आणि सर्व्हरचं दुसरं टोक धरून तो गाडीपर्यंत उचलू लागले.

शुक्रवारी मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी सांगायचं होतंस. पोस्ट बंद केल्याचं पत्र निपाणीला गेलेलं होतं. ते काही परत आलं नाही.

माझ्याकडून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्यात, पण इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांचं नाव घ्यायला मला फक्त दोन मिनिटं लागली असती.

आप्पा फेसबुकवर नाहीत. पण त्यांची मुलगी शिल्पा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे... शिल्पा, आज आमच्या तिन्ही ऑफिसचं मेल नीट चाललंय ते तुझ्या वडिलांमुळे. ही पोस्ट त्यांना वाचून दाखव. मालकांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मी आप्पांशी खोटं बोललो.