शमीमभाभींच्या एसीतला दिवा

एसी दुरुस्तीच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आम्ही स्टुलावर चढतो, तोंड भिंतीकडे करतो, दोन्ही हात मशिनीत घालतो, आणि खाली घरची मंडळी बिनधास्त बोलायला लागतात. सासू सुनेबद्दल बोलते, नवरा भावाशी वाटणीचं बोलतो. स्टुलावरच्या माणसाला कान नसतात अशी लोकांची पक्की समजूत आहे. युसूफभाई आणि मी खामगावात इतकी वर्षं हा धंदा करतोय की अर्ध्या गावाच्या भानगडी आम्हाला ठाऊक आहेत. त्या सांगणार नाही. पण यूव्ही दिव्याचं सांगतो, कारण ती भानगड आमच्याच घरची होती.

*

ज्या वर्षी बीटी कापसाच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली, त्या हंगामाच्या शेवटी नागपूरहून कंपनीचा साहेब दुकानात आला. कोवळा पोरगा, गळ्यात टाय. एसीच्या आत बसवायचा निळसर दिवा त्याने काउंटरवर ठेवला आणि सुरू झाला.

"एकदा आत बसवला की विषय संपला. बुरशी, जंतू, सगळ्याचा आतल्या आत बंदोबस्त. बाहेरून काही करायची गरजच नाही."

शेजारी गजाननरावांचं कृषी केंद्र. ते रोज आमच्याकडे चहाला येतात. अळीचं औषध झाडाच्या आतच आहे असं सांगून त्यांनी वर्षानुवर्षं बीटीचं बियाणं विकलेलं, आणि त्या साली शेतकऱ्यांना तोंड दाखवायला नको म्हणून ते दुपारी अर्धं शटर पाडून बसायचे. त्यांनी कप खाली ठेवला.

"साहेब, हे वाक्य तुमाले कोनं शिकवलं?"

"ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

"मलेबी ट्रेनिंगमधीच शिकवलं होतं," गजाननराव म्हणाले आणि उठून आपल्या दुकानात गेले.

*

तरी साहेब हटला नाही. तेवढ्यात नांदुऱ्याकडचे वासुदेवराव आले. कापूस उपटून त्यांनी हरभरा पेरला होता, पण घरी नातू झालेला, म्हणून सुनेच्या खोलीतला एसी सर्व्हिसिंगला सांगायला आले होते. साहेबाने त्यांना दिवा दाखवला. वासुदेवरावांनी खोका उलटा करून झटकला, आत बोटं घालून पाहिलं.

"याच्यातलं लहान पाकीट कुठं गेलं?"

"कसलं पाकीट?"

मग मलाच सांगावं लागलं. बीटीच्या थैलीत साध्या बियाण्याचं एक लहान पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं, म्हणजे अळीला खायला काहीतरी राहतं आणि सगळ्याच अळ्या बीटीचं विष पचवायला शिकत नाहीत. आमच्याकडे ते फारसं कोणी पेरलं नाही. एवढी जागा अळीसाठी कोण सोडतो?

"मीबी बांधावर फेकून देल्लं," वासुदेवराव म्हणाले. "अन् मंग अळीनं सारं पचवलं. आता जंतूसाठी तुमी काय ठेवलं ते दाखवा, मंग बोलू."

साहेबाने बाहेर जाऊन नागपूरला फोन लावला. बराच वेळ बोलला. परत आला आणि म्हणाला, "विचारून सांगतो." तिकडून अजून उत्तर आलेलं नाही.

*

पहिला दिवा विकला गेला तो एका रिटायर्ड इंजिनिअरच्या घरी. युसूफभाईंनी बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. इंजिनिअरच्या बाईंनी वर पाहिलं.

"लागला का?"

"लागला."

"दिसून तं नाही राह्यला."

"दिसायलेच नको बाई. डोळ्याले वाईट असते तो उजेड."

"मंग पाहुण्यांना कसं समजन?"

शेवटी इंजिनिअरसाहेबांनी एसीच्या बाहेरून दिवाळीतली निळी माळ सोडली. आता पाहुणे तिच्याकडे पाहतात आणि दीर्घ श्वास घेतात. आतला दिवा कधी बंद पडला कुणास ठाऊक, आमच्याकडे तक्रार आली ती माळेची.

*

हसून झालं. आता घरचं.

युसूफभाईंची बायको म्हणजे शमीमभाभी. त्यांना दम्याचा त्रास. घर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत, आणि जिनिंगचा मोठा पंखा बरोबर त्यांच्या खिडकीकडे तोंड करून. हंगामात तिकडून रुईचे बारीक तंतू उडत येतात आणि भांड्यांवर, पडद्यांवर, पापण्यांवर बसतात. खिडकी बंद ठेवता यावी म्हणून युसूफभाईंनी एक टाकाऊ एसी दुरुस्त करून घरात लावला. तरी फटींतून यायचं ते यायचंच. त्या वर्षी भाभींना चार वाक्यं सलग बोलता येईनात. आणि भाभी म्हणजे गल्लीभर आवाज जाणारी बाई! त्या आता थांबून थांबून बोलायच्या.

साहेबाला हे कळलं. तो म्हणाला, "आधी स्वतःच्या घरी लावा ना. भाभींना आराम पडेल, लोकांचाही विश्वास बसेल."

बुडत्याला काडीचा आधार. युसूफभाईंनी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी खोलीत झेरॉक्सच्या दुकानासारखा वास, आणि भाभींचा दम आणखी दाटला. डॉक्टर म्हणाले, काही दिव्यांतून ओझोन निघतो, तो यांच्या छातीला चालणार नाही, आधी तो काढा. साहेबाने दुसऱ्या जातीचा दिवा पाठवला. त्याला वास नव्हता. खोकला मात्र होता तसाच.

युसूफभाईंनी एसी उघडला. दिवा रुईने असा गुंडाळला गेला होता की उजेडाला बाहेर पडायला जागा नव्हती.

"फिल्टर रोज धुवावा लागेल," साहेब म्हणाला. "दिवा जंतू मारतो, धूळ नाही."

"मी तं रोजच धुतो," भाभी म्हणाल्या. "अन् माया घरात जंतू हायेतच कुठं? रुई हाये. मंग हा दिवा कायले?"

"दिवा असलेला बरा असतो."

"तुमच्यासाठी," भाभी म्हणाल्या आणि धाप लागून खाली बसल्या.

दिवा ठेवायचा की काढायचा यावर नवरा-बायकोचं आठवडाभर वाजलं. युसूफभाईंचं म्हणणं, राहू दे, नुकसान तर नाही. भाभींचं म्हणणं, नुकसान हेच की तो आहे म्हणून तुम्ही खिडकीबाहेर पाहत नाही.

*

खिडकीबाहेर जिनिंग होतं, आणि जिनिंगचा शेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ऑफिसचे, बंगल्याचे, गेस्ट हाउसचे एसी आमच्याकडे. पंख्याचं तोंड फिरवा, निदान पुढे जाळी तरी लावा, हे सांगायला युसूफभाई त्याच्याकडे जाऊन आले होते. मीही सोबत होतो.

शेठ हसला. "अरे युसूफ, कापूस म्हणजे पांढरं सोनं. लोकाइच्या वावरात या साली तेबी नाही. तुया घरात फुकटात येऊन राह्यलं तं लक्ष्मी आली समज."

ऑफिसातले सगळे हसले. मीही हसलो, कारण एसीचं वर्षाचं काम तिथलं होतं. युसूफभाई हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी ते बोलणं भाभींना जसंच्या तसं सांगितलं.

पुढे त्याच शेठने बंगल्यातल्या साऱ्या एसींना यूव्ही दिवे लावायची ऑर्डर दिली. मुंबईहून मुलगी बाळंतपणाला आली होती. साहेबाच्या आनंदाला पारावार नव्हता. दिवे लावताना फोटो काढायला तो स्वतः आला.

*

युसूफभाई हॉलमध्ये स्टुलावर, मी खाली पेचकस देतोय, साहेब मोबाइल धरून उभा, आणि फाटकाशी ऑटो थांबला. शमीमभाभी उतरल्या. हातात काहीतरी लाल ओढणीत बांधलेलं. युसूफभाईंनी वरून पाहिलं आणि त्यांचा हात मशिनीतच राहिला.

भाभी पिंजाऱ्याची लेक. गाद्या-उशा भरायला बापाच्या हाताखालीच शिकलेल्या. पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या, पण कुणाचा हात धरला नाही.

"शेठ, नातू झाला म्हने. मुबारक हो."

ओढणीतून उशी निघाली. पांढरी, लहानशी, काठाला हिरवी दोऱ्याची नक्षी. शेठने दाबून पाहिली, गालाला लावली. कापसातला माणूस, त्याला माल कळतो.

"वा! मऊ हाये. कोनच्या दुकानातली?"

"दुकानातली नाही. रुई तुमचीच हाये, शेठ. माया एसीच्या फिल्टरमधून अन् खिडकीतून जमवली, हंगामभर."

शेठचा हात गालावरून खाली आला. साहेबाने मोबाइल खिशात घातला. आतून शेठाणी घाईघाईने बाहेर आल्या.

"ते इथं नको, बाहेर ठेवा बाई. आत लेकरू झोपलं आहे."

भाभींनी ओढणीची घडी घातली. श्वास घेतला, पुरा होईपर्यंत थांबल्या.

"हाव बाई," त्या म्हणाल्या. "मायाबी घरात मानसंच झोपतात."