सापडेपर्यंत

दिवोता त्या खोऱ्यात आली ती खेचरावर बसून, एकोणिसाव्या वर्षी. माहेर समुद्राकाठचं, बाप घाण्यावर ऑलिव्हचं तेल गाळायचा. आस्को नदीच्या वरच्या अंगाचे धनगर बर्फ पडायच्या आत शेळ्या घेऊन तिकडे खाली उतरत. साँतू त्यांच्यातलाच. तीन हिवाळे तो काही ना काही निमित्त काढून घाण्यावर येत राहिला. चौथ्या हिवाळ्यात बापाने त्याला सरळच विचारलं, "तेल हवंय की पोरगी?"

साँतू लाजला, पण उत्तर दिलं त्याने.

सासरच्या गावी जायला वाट एकच, घळीतून नदीच्या कडेकडेने. दोन्ही बाजूंचे कडे इतके अंगावर आलेले की हिवाळ्यात ऊन तासभर डोकावून जायचं. वाटेत एक जुना दगडी पूल. पूल ओलांडला की गाव, आणि गावाच्या पुढे नुसते डोंगर. पाण्याच्या आवाजाने दिवोताला पहिले पंधरा दिवस झोप आली नाही. "सवय होईल," साँतू म्हणाला. सवय झालीही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. एकोणीसशे एकवीसचा मे महिना. वरचा बर्फ वितळून नदी दुथडी भरलेली, आणि धनगर समुद्राकडून परत येत होते. घळीत कळपाच्या म्होरक्या बोकडाचा पाय घसरला. साँतू त्याची शिंगं धरायला खाली वाकला. चुलतभाऊ जाचिंतू वीस पावलं मागे होता. तो धावत येईपर्यंत पाण्यावर फक्त टोपी दिसली.

आठ दिवस गावाने काठ्या घेऊन डोह ढवळले. बोकड सापडला, साँतू नाही. नवव्या दिवशी पाद्री घरी आला आणि मयताची घंटा वाजवू का म्हणून विचारू लागला. साँतूची आई साव्हेरिया उंबऱ्यात वाट अडवून उभी राहिली.

"प्रेत दाखवा, मग घंटा वाजवा."

"साव्हेरिया, जाचिंतूने डोळ्यांनी पाहिलंय."

"टोपी पाहिलीय त्याने. टोपीची घंटा वाजवता का तुम्ही?"

त्या दिवसापासून दिवोता ना नवऱ्याची राहिली ना विधवा झाली. काळं नेसायचं नाही, कारण तो मेलेला नाही. रंगीत नेसायचं नाही, कारण तो घरी नाही. सात वर्षं तिच्या अंगावर तपकिरी कापड होतं. जत्रेला जाणं नाही, लग्नात नाचणं नाही. जेवायला बसताना साँतूचा चमचा मांडायचा, जेवण झालं की कोरडाच पुसून ठेवायचा.

दुसऱ्या वर्षी बाप आजारी असल्याचा निरोप आला. दिवोताने गाठोडं बांधलं. सासूने अडवलं नाही, नुसतं विचारलं, "उद्या तो दारात उभा राहिला तर त्याला काय सांगू?" दिवोता पुलापर्यंत पोचली. मागून जाचिंतू आणि दोन चुलतदीर धावत आले.

"कुणाची म्हणून जातेस, वहिनी?" जाचिंतूने खाली बघत विचारलं. "लोक काय म्हणतील, साँतूची बायको पळाली?"

तिघे तिला घेऊन परत आले. बाप तीन आठवड्यांनी गेला.

दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की साव्हेरिया तिच्या हातात काठी द्यायची. "जा, बघून ये." मुलगा जिवंत आहे असं म्हणायचं आणि सुनेला डोह शोधायला धाडायचं, हे एकाच तोंडाने कसं जमतं ते दिवोताला कधी कळलं नाही. ती जायची. नदीच्या तळाचे रांजणखळगे तिला घरातल्या भांड्यांसारखे पाठ झाले. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय गं, आज तरी भेटला का नवरा?" सुरुवातीला ती रडायची. पुढे पुढे म्हणायची, "भेटला होता, तुझी चौकशी करत होता." बायका हसायच्या, आणि तिची घागर आधी भरू द्यायच्या.

अठ्ठावीस साली पाऊस जवळजवळ झालाच नाही. ऑगस्टमध्ये घळीतली मोठी शिळा पायथ्यापर्यंत उघडी पडली. शिळेखाली एक रांजणखळगा होता, तिने कधीही न पाहिलेला. हात घातला तर आत वाळू. वाळूत मांडीचं हाड लागलं, मग बरगड्या, एका हाताची बोटं आणि पट्ट्याचं पितळी बक्कल. बक्कलाच्या कडेला साँतूने कानशीने पाडलेली खाच होती. कवटी काही सापडली नाही.

दिवोता ओल्या वाळूत बसून राहिली. तिला वाटलं होतं, सापडला की आपण हंबरडा फोडू. पण मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता मला जाता येईल. त्या विचाराची तिला स्वतःचीच किळस आली. तिने ओच्यात सगळं वेचून घेतलं आणि घरी आली.

साव्हेरिया चुलीपाशी चेस्टनटच्या पिठाचा गोळा घोटत होती. तिने बक्कल हातात घेतलं, उजेडात धरलं, परत केलं.

"असली बक्कलं बाजारात पोत्याने मिळतात."

"आणि हाडं, आई?"

"शेळीची आहेत."

"ही बोटं आहेत."

"हात धू. जेवायला बस."

पाद्री म्हणाला, जन्मदाती ओळख देत नाही तोवर मी कुणाच्या नावाने पुरू? हाडांचं गाठोडं दिवोताच्या पलंगाखाली राहिलं. रोज चमचा मांडला जात होता. ज्याच्यासाठी मांडायचा तो चार हातांवर होता, आणि दोघी समोरासमोर बसून जेवत होत्या. दिवोताला वाटायचं, आपण घरातच बुडतोय.

अठराव्या दिवशी सकाळी पीठ चाळता चाळता साव्हेरियाने मान वर न करता विचारलं, "डोकं कुठंय?"

दिवोताचे हात थांबले. "फुटलं होतं, आई. तुकडे तुकडे. ते मी आणले नाहीत."

"दगडावर आपटून?"

"हो. पडल्या पडल्याच."

"म्हणजे हातपाय मारले नसतील त्याने."

"नाही. त्याला कळलंसुद्धा नसेल."

साव्हेरियाने चाळणी बाजूला ठेवली. मग म्हातारी उठली, पेटीच्या तळातून दोन काळ्या शाली काढल्या आणि एक सुनेच्या खांद्यावर घातली.

"पाद्रीला सांग, घंटा वाजव."

पुरल्यावर महिनाभराने दिवोता म्हणाली, "मी माहेरी जाते." आता ती कायमची त्या घराची विधवा झाली, असं गाव धरून चाललं होतं. साव्हेरियाने चुलीत लाकूड सारलं.

"बाप तर राहिला नाही तुझा."

"भाऊ आहे."

"भावाची बायकोही आहे." म्हातारीने श्वास सोडला. "जाचिंतूला सोबत ने. आणि त्याला सांग, घळ संपेपर्यंत चाल. नाहीतर हे लोक पुन्हा उचलून आणतील."

जाचिंतू घळीच्या तोंडापर्यंत आला. तिथे तिचं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि वळला.

भावाच्या घरी दिवोताला गोठ्यावरची खोली मिळाली. भावजय बोलायची, ती ऐकून घ्यायची. घाण्यावर काम करायची, दर शरदात धनगरांबरोबर सासूला तेलाची बुधली पाठवायची. कवटीबद्दल ती कुणाशीही बोलली नाही. चार वर्षांनी लाकडी पिंपं बनवणाऱ्या एका विधुर सुताराने तिला मागणी घातली, आणि तिने हो म्हटलं. तो सांगायचा, कुठे डबकं दिसलं तरी ही वाकून तळ बघते. म्हणून फिरायला निघाले की तो तिला समुद्राच्या बाजूने न्यायचा, तिथे तळ दिसत नाही.